एनयूएसमध्ये राहायचं की बाहेर पडायचं? विद्यार्थी सार्वमताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींना केव्हातरी आपल्या विद्यार्थी युनियनचा मेल येतो : ‘आपल्या युनियनने नॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्सचं (एनयूएसचं) सदस्यत्व चालू ठेवावं का? मत द्या.’ असाइनमेंट आणि पार्टटाइम शिफ्ट यांच्या धावपळीत तो मेल न उघडताच खाली सरकतो. तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. आपली मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. माझं मत जिथे आलं आहे, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

एनयूएस म्हणजे नक्की काय?

ब्रिटनमधल्या विद्यार्थी युनियनांची राष्ट्रीय संघटना. स्थापना १९२२ची, पहिले अध्यक्ष आयव्हिसन मॅकॅडम. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या विद्यार्थ्यांचं एक आंतरराष्ट्रीय मंडळ उभं राहिलं. त्यात बसायचं तर देशाची म्हणून एक संघटना हवी होती, त्यातून ही जन्माला आली. आज विद्यापीठांबरोबर बारावीच्या पातळीवरच्या कॉलेजांच्या युनियनाही तिच्यात आहेत. स्कॉटलंड आणि वेल्ससाठी स्वतंत्र शाखा आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेबरोबर संयुक्त व्यवस्था आहे.

म्हणजे आपल्याकडच्या अभाविप, एनएसयूआय, एसएफआयसारखीच का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आपल्याकडे विद्यार्थी स्वतः संघटनेचा सदस्य होतो आणि ती संघटना बहुतेक वेळा एखाद्या पक्षाच्या किंवा विचारधारेच्या सावलीत असते. १९४९ची अभाविप, १९७०ची एसएफआय, १९७१ची एनएसयूआय, सगळ्यांचं तसंच. एकाच कॉलेजात तिघींचे फलक शेजारी शेजारी लागतात. एनयूएसचं तसं नाही. तिची सदस्य असते तुमची युनियन. तुम्ही डावे असा, उजवे असा, राजकारणाचा कंटाळा असलेले असा, युनियन आत असेल तर तुमच्या नावानेही एनयूएस बोलते. म्हणून तर ‘आत राहायचं का’ हे सगळ्यांना विचारावं लागतं.

पक्षांचा वारा तिथे लागत नाही असं मात्र नाही. जॅक स्ट्रॉ, चार्ल्स क्लार्क, वेस स्ट्रीटिंग हे तिघेही एनयूएसचे अध्यक्ष होते आणि तिघेही पुढे मजूर पक्षाच्या सरकारांत मंत्री झाले. सुरुवातीच्या काळात संघटनेच्या घटनेतच एक बंधन होतं : विद्यार्थी म्हणून ज्याचा संबंध येतो त्याच विषयांवर बोलायचं. हे बंधन १९६९मध्ये उठलं. ‘एनयूएसने फी आणि घरभाड्यावर बोलावं, परराष्ट्र धोरणावर कशाला?’ हा आजचा वाद त्या बंधनाइतकाच जुना आहे.

मी कुठल्याच फॉर्मवर सही केली नव्हती. मग मी यात आलो कसा?

विद्यापीठात नाव नोंदवलं की तुम्ही आपोआप युनियनचे सदस्य होता. नको असेल तर बाहेर राहण्याचा हक्क १९९४च्या एज्युकेशन अ‍ॅक्टने दिलेला आहे आणि तो बजावल्याबद्दल सेवासुविधांत तुमच्यावर अन्याय करता येत नाही. पण सदस्यत्व सोडलं की सार्वमतातलं मतही जातं. एनयूएस पटत नाही म्हणून युनियनच सोडली, तर ज्या ठिकाणी ‘नाही’ म्हणता आलं असतं तीच जागा आपण हातची घालवतो.

परदेशी विद्यार्थ्याला मत असतं का? व्हिसाला काही धोका?

मत असतं. गुप्त मतदानात सगळ्या सदस्यांना हक्क आहे. त्यात एमएस्सीवाले आले, पीएचडीवाले आले, परदेशी विद्यार्थीही आले. मत दिल्याने किंवा प्रचार केल्याने व्हिसावर काही परिणाम होत नाही. याच्याही पुढची गोष्ट आपल्या मुलांना माहीत नसते : स्टुडंट व्हिसावर असताना युनियनचा निवडून आलेला पूर्णवेळ पदाधिकारी, म्हणजे सॅबॅटिकल ऑफिसर, म्हणून पगारी कामही करता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षं.

हे सार्वमत लागतं तरी कसं? कुणाच्या मनात आलं म्हणून?

तीन वाटा आहेत. युनियनची विद्यार्थी परिषद ठराव करून सार्वमत घेऊ शकते. विद्यार्थी सह्या गोळा करून ते मागू शकतात. काही युनियनांनी स्वतःच्या घटनेतच ठरावीक वर्षांनी हा प्रश्न विचारण्याची सोय केलेली असते.

यामागे १९९४च्या कायद्याचं कलम २२ आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. युनियनने बाहेरच्या कुठल्याही संस्थेचं सदस्यत्व घेतलं, तर त्या संस्थेचं नाव आणि तिला द्यायची वर्गणी जाहीर करावी लागते. अशा सगळ्या संस्थांची यादी, वर्षभरात दिलेल्या रकमांसह, दरवर्षीच्या अहवालात द्यावी लागते. ती यादी वर्षातून निदान एकदा सदस्यांपुढे मंजुरीला ठेवावी लागते. शिवाय एखाद्या विशिष्ट संस्थेबद्दल ठरावीक प्रमाणात सदस्यांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावंच लागतं. ते प्रमाण विद्यापीठाचं नियामक मंडळ ठरवतं, पण ५ टक्क्यांच्या वर नेता येत नाही. वीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात फार तर एक हजार सह्या.

त्या वेळच्या सरकारचा मूळ इरादा युनियनांचे पंख कापण्याचा होता. विरोध इतका झाला की बराचसा भाग मागे घ्यावा लागला. जे उरलं त्यात ही सह्यांची तरतूद आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. राष्ट्रीय संघटनेला आपल्या सदस्यांसमोर उभं करायचा हक्क साध्या विद्यार्थ्याच्या हातात आहे.

वर्गणी कोण भरतं? बाहेर पडलो तर माझी फी कमी होईल?

फी एका पेन्सनेही कमी होणार नाही. विद्यापीठ दरवर्षी युनियनला एक ठोक अनुदान देतं, वर्गणी त्यातून जाते. मोठ्या युनियनची वर्गणी हजारो पौंडांत असते, म्हणून ‘एवढ्या पैशात सल्ला केंद्रात आणखी एक माणूस ठेवता येईल’ हा बाहेर पडणाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. पण तो करणाऱ्यांना विचारा : वाचलेले पैसे कशावर खर्च होणार, हे कुठे लिहून दिलं आहे का?

एनयूएस आमच्यासाठी करते तरी काय?

रोजच्या पातळीवर ते दिसत नाही. पदाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण, युनियनांना कायदेशीर आणि कारभाराबाबत मदत, बार आणि दुकानांसाठी एकत्रित खरेदी, अशी पडद्यामागची कामं एनयूएसच्या छत्राखाली होत आली आहेत. खरा प्रश्न मोठ्या निर्णयांचा आहे.

व्हिसाबरोबर भरावा लागणारा आरोग्य अधिभार आठवा. तो एप्रिल २०१५मध्ये सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्याला वर्षाला १५० पौंड होता. २०१९मध्ये ३०० झाला, २०२०मध्ये ४७०, आणि फेब्रुवारी २०२४पासून ७७६. शिकून झाल्यावर काम करण्याचा व्हिसा २०१२मध्ये बंद झाला आणि ग्रॅज्युएट रूटच्या रूपाने २०२१मध्ये परत आला. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास कामाची मर्यादा आहेच. यातला एकही निर्णय तुमच्या कुलगुरूंच्या हातात नाही. सगळे लंडनला होतात. तिथे विद्यार्थ्यांच्या वतीने कुणीतरी उभं असावं लागतं, आणि एकट्यादुकट्या युनियनचं पत्र मंत्र्याच्या टेबलापर्यंत सहसा पोचत नाही.

या ताकदीची मर्यादाही सांगायला हवी, आणि त्यासाठी २०१०चं उदाहरण पुरेसं आहे. मे महिन्यातल्या निवडणुकीआधी एनयूएसने उमेदवारांकडून एका प्रतिज्ञेवर सह्या घेतल्या : फी वाढवण्याच्या विरोधात मत देईन. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी हातात फलक धरून फोटो काढून घेतले, पक्षाचे नेते निक क्लेग त्यात होते. निवडणुकीनंतर हाच पक्ष हुजूर पक्षाबरोबर सरकारात गेला आणि इंग्लंडमधली फीची कमाल मर्यादा ३,२९० पौंडांवरून ९,००० करण्याचा प्रस्ताव आला. १० नोव्हेंबरला एनयूएस आणि प्राध्यापकांच्या संघटनेने लंडनमध्ये प्रचंड मोर्चा काढला. त्यातला एक गट मिलबँकमधल्या हुजूर पक्षाच्या मुख्यालयात घुसला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत फुटलेल्या काचाच दिसल्या. ९ डिसेंबरला प्रस्ताव ३२३ विरुद्ध ३०२ मतांनी मंजूर झाला.

म्हणजे एनयूएस हरली. पण ती प्रतिज्ञा कागदावर होती, फोटोत होती. क्लेग यांना २०१२मध्ये जाहीर माफी मागावी लागली आणि २०१५च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे खासदार ५७वरून ८वर आले. त्यामागे इतरही कारणं होती, पण शब्द मोडल्याचा डाग हे मोठं कारण होतं. देशभरातल्या उमेदवारांकडून एकाच मजकुरावर सह्या घेणं एका विद्यापीठाच्या युनियनला कधीच जमलं नसतं. मी राष्ट्रीय संघटनेच्या बाजूने का आहे, याचं मुख्य कारण हे आहे.

मग इतक्या युनियनांना बाहेर का पडावंसं वाटतं?

कारणं खरी आहेत, ती झटकून टाकू नयेत.

सगळ्यात गाजलेलं वर्ष २०१६. एप्रिलमध्ये ब्रायटनच्या अधिवेशनात मलिया बुआतिया अध्यक्ष म्हणून निवडून आल्या. त्यांच्या २०११च्या एका लेखात बर्मिंगहॅम विद्यापीठाचं वर्णन ‘झायनिस्ट’ (ज्यू राष्ट्राच्या समर्थकांचं) ठाणं अशा अर्थाच्या शब्दांत केलेलं होतं आणि त्यावरून ज्यू विद्यार्थ्यांच्या संस्थांनी तीव्र हरकत घेतली. आपण ज्यूद्वेष्ट्या नाही, असं बुआतिया यांचं म्हणणं होतं. संसदेच्या गृह समितीने त्या वर्षी ऑक्टोबरच्या अहवालात त्यांच्या भाषेवर टीका केली. पण युनियनांनी तोवर थांबायचं ठरवलं नव्हतं. मे-जूनमध्ये विद्यापीठांमागून विद्यापीठांत सार्वमतं झाली. लिंकन ८८१ विरुद्ध ८०४ मतांनी बाहेर पडलं. न्यूकॅसल, हल आणि लफबरो बाहेर पडले. ऑक्सफर्ड, एक्सेटर, वॉरिक आत राहिले. केंब्रिजही राहिलं, पण अगदी निसटत्या फरकाने. त्याच आठवड्यांत युरोपीय संघाच्या सार्वमताचाही प्रचार चालू होता, त्यामुळे ‘राहा’ आणि ‘बाहेर पडा’ हे शब्द कँपसवर दोन्ही अर्थांनी फिरत होते.

दुसरी लाट २०२२ची. ज्यूद्वेषाच्या तक्रारींवरून सरकारने मे महिन्यात एनयूएसशी संबंध थांबवले. संघटनेने रिबेका टक या ज्येष्ठ वकिलांकडून स्वतंत्र चौकशी करून घेतली आणि जानेवारी २०२३मध्ये अहवाल आला : ज्यू विद्यार्थ्यांना या संघटनेत अनेक वर्षं वैरभाव सोसावा लागला होता. स्वतःच्या सदस्यांतल्या एका समूहाला आपल्याच घरात परकं वाटत असेल, तर तो कुठल्याही प्रातिनिधिक संघटनेचा गंभीर दोष आहे, मग तो समूह कितीही लहान असो. दुसऱ्या बाजूने, पॅलेस्टाइनबद्दल बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना आपला आवाज दाबला जातोय असं वाटत आलं आहे. दोन्ही तक्रारी ऐकून घेतल्याशिवाय मत ठरवू नका.

पैशाचा कारभार हे तिसरं कारण. २०१८च्या शेवटी सुमारे ३० लाख पौंडांची तूट उघड झाली, पदं आणि नोकऱ्या कमी कराव्या लागल्या, आणि पुढच्या वर्षी संघटनेची रचनाच बदलली.

बाहेर पडलेल्या युनियनांचं काही अडतं का?

रोजचं काही अडत नाही. सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, इम्पीरियल या नामवंत विद्यापीठांच्या युनियना वर्षानुवर्षं बाहेर राहिल्या आणि त्यांच्याकडे क्लब, सल्ला केंद्र, निवडणुका सगळं चालू आहे. बंद होतं ते एनयूएसच्या अधिवेशनात प्रतिनिधी पाठवणं आणि तिथे मत देणं. राष्ट्रीय धोरण ठरताना तुमची खुर्ची रिकामी असते.

सवलतीच्या कार्डाचं काय?

टोटम कार्डाची मुळं एनयूएसमध्ये आहेत. २०१८आधी त्याचं नाव एनयूएस एक्स्ट्रा होतं. पण १६-२५ रेलकार्ड, युनिडेज, स्टुडंट बीन्स या इतर सवलत योजनांचा सार्वमताशी संबंध नाही. कार्डासाठी मत देऊ नका.

एकदा बाहेर पडलं की परत येता येतं?

येतं. डरहॅम २०१०मध्ये बाहेर पडलं. तिथल्या वादसभेत ब्रिटिश नॅशनल पार्टीच्या नेत्यांना बोलावलं होतं, एनयूएसच्या पदाधिकाऱ्यांनी त्याविरुद्ध केलेला हस्तक्षेप विद्यार्थ्यांना रुचला नाही. पुढच्याच वर्षी नवं मतदान झालं आणि डरहॅम परत आलं. लिंकनने २०१६मध्ये बाहेर पडून काही महिन्यांतच पुन्हा मतदान घेतलं आणि परत प्रवेश केला. इम्पीरियलची गाडी उलटी : २००६मध्ये मतदान करून आत, २००८मध्ये मतदान करूनच बाहेर.

मला आत्ताच्या अध्यक्षांचा राग आहे. मग बाहेर पडणंच बरं, नाही का?

माझं उत्तर : नाही, तेवढ्यावर नाही. अध्यक्ष येतात-जातात. ज्या बुआतियांमुळे चार युनियना बाहेर पडल्या, त्या २०१७मध्ये निवडणूक हरल्या आणि शकीरा मार्टिन अध्यक्ष झाल्या. त्यांना हरवण्यात बाहेरच राहिलेल्यांचं एकही मत नव्हतं, कारण त्यांचे प्रतिनिधी सभागृहातच नव्हते. माणूस बदलायचा असेल तर आत राहून प्रतिनिधी निवडा.

पण वर्षानुवर्षं तक्रारी करूनही संघटनेचा स्वभाव बदलत नसेल, तुमच्या युनियनच्या ठरावांना केराची टोपली मिळत असेल, तर बाहेर पडणं हे वैध शस्त्र आहे. ते नुसतं हातात असण्यानेही फरक पडतो. २०१६ आणि २०२२नंतर एनयूएसला जी आत्मपरीक्षा करावी लागली, ती या सार्वमतांच्या धाकाशिवाय झाली नसती असं मला वाटतं.

माझा एक वर्षाचा कोर्स आहे. मी मत देऊन काय उपयोग?

आपली बहुतेक मुलं एका वर्षाच्या मास्टर्सला येतात, सप्टेंबरात येऊन पुढच्या सप्टेंबरात प्रबंध देऊन मोकळी होतात. निकालाचा परिणाम त्यांच्या मागून येणाऱ्यांवर होतो. पण हेच दुसऱ्या बाजूने पाहा. तुमच्याआधी आलेल्यांनी मत दिलं किंवा दिलं नाही, त्यावर तुमच्या वर्षीची युनियन कुठे उभी आहे ते ठरलं. लिंकनमध्ये फरक फक्त ७७ मतांचा होता. एका वसतिगृहाचे दोन मजले पुरले असते.

परदेशी विद्यार्थ्यांनी मत दिलंच नाही, तर अधिभार आणि व्हिसा हे विषय प्रचाराच्या पत्रकावर कुणी घेणारही नाही.

नीसाऊ आहे ना आपल्यासाठी? मग एनयूएस कशाला?

नीसाऊ ही २०१२मध्ये स्थापन झालेली भारतीय विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांची संस्था. भारतीय विद्यार्थ्यांच्या प्रश्नांवर ती बोलते. ती तुमच्या युनियनची सदस्यसंस्था नाही आणि या सार्वमतात तिचा प्रश्न नाही. एक आहे म्हणून दुसरी नको असं होत नाही.

आमच्या मराठी ग्रुपवर प्रचार केला तर चालेल?

स्वतःचं मत मांडायला काही हरकत नाही. पण विद्यापीठातलं मराठी मंडळ युनियनकडे नोंदलेली सोसायटी असेल, तर मंडळाच्या नावाने भूमिका घेण्याआधी सार्वमताचे नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंच्या प्रचारगटांची नोंदणी आणि खर्चाची मर्यादा असते. आणि एक गोष्ट अजिबात करू नका : गणपतीच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात लॅपटॉप फिरवून ‘चल, इथेच मत दे’ म्हणणं. मतदान ऑनलाइन असलं तरी ते गुप्तच आहे. दुसऱ्याच्या लॉगिनने मत टाकणं किंवा कुणाच्या खांद्यावरून पाहत राहणं याने मतं बाद होऊ शकतात आणि बदनामी सगळ्या भारतीय मुलांची होते.

मत देताना नेमकं काय पाहू?

आधी प्रश्नाची वाक्यरचना. ‘सदस्यत्व चालू ठेवावं का?’ असा प्रश्न असेल तर ‘हो’ म्हणजे राहा. ‘सदस्यत्व सोडावं का?’ असेल तर ‘हो’ म्हणजे बाहेर. घाईत ‘हो’ दाबून उलटं मत देणारे दर वेळी निघतात. मग वर्गणीचा आकडा पाहा. तो कुठेच दिला नसेल तर युनियनला लिहून विचारा, तो सांगणं त्यांना बंधनकारक आहे. शेवटी किमान मतदानाची अट पाहा. काही युनियनांत ठरावीक मतं पडली नाहीत तर निकाल लागूच होत नाही, आणि मग घरी बसलेलेच निकाल ठरवतात.

महाराष्ट्रात असं मतदान का होत नाही?

कारण भारतात कॉलेजच्या युनियनांनी मिळून बनलेली अशी राष्ट्रीय संस्थाच नाही. आणि महाराष्ट्रात तर १९९०च्या दशकात हिंसाचारामुळे कॉलेजांतल्या थेट निवडणुकाच थांबल्या, गुणवत्तेनुसार वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद आली, पण ती प्रत्यक्षात यायला रखडली. त्यामुळे पुण्या-मुंबईहून किंवा नागपूरहून येणाऱ्या अनेकांच्या आयुष्यातली विद्यार्थी म्हणून पहिली मतपत्रिका ही इथली असते. तिच्याकडे पाठ फिरवणारी आपली हुशार मुलं पाहिली की मला वाईट वाटतं.

आमच्या विद्यापीठात सार्वमत झालेलंच नाही. मागायचं असेल तर?

युनियनच्या संकेतस्थळावर घटना आणि उपनियम असतात, त्यात सार्वमताचं प्रकरण शोधा. किती टक्के सह्या लागतात, त्या कागदावर की ऑनलाइन, किती दिवसांत, हे तिथे मिळेल. सहीबरोबर विद्यार्थी क्रमांक घ्या, त्याशिवाय सही मोजत नाहीत. प्रश्नाचा मसुदा युनियनच्या लोकशाहीविषयक कर्मचाऱ्याला आधी दाखवा, कारण एकतर्फी शब्दांत लिहिलेला प्रश्न परत पाठवला जातो. नियामक मंडळाने अशा मागण्यांसाठी वर्षातली ठरावीक मुदत ठेवली असू शकते. ती चुकली तर पुढच्या मुदतीपर्यंत थांबावं लागतं, आणि एका वर्षाच्या कोर्सवाल्याला ते परवडत नाही. म्हणून ऑक्टोबरातच विचारून ठेवा.